प्राथमिक वर्गासाठी पाठाचं नियोजन : सोलापूरचे शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

केंद्राच्या शिक्षण परिषदेला जमलो की चहाच्या वेळी नव्याने रुजू झालेले शिक्षक जवळजवळ तेच प्रश्न घेऊन येतात. मी पहिली ते चौथीला शिकवत आले आहे. सुरुवातीची वर्षं अक्कलकोट तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत होते, नंतर सोलापूर शहराच्या पूर्व भागात आले. खालची उत्तरं या दोन वर्गखोल्यांमधून आलेली आहेत.

टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची लेखी आखणी, काढायची ती कशासाठी? साहेब तपासतात म्हणूनच ना?

साहेब तपासतात हे खरं आहे. पण टाचणाचा खरा उपयोग उद्या सकाळी समोर बसणाऱ्या मुलांना व्हायला हवा. नवीन असताना माझ्या टाचणात असं असायचं : शिक्षक प्रस्तावना करतील, शिक्षक चित्र दाखवतील, शिक्षक स्पष्टीकरण देतील. सगळी क्रियापदं माझी. मुलांच्या वाट्याला शेवटची एक ओळ, ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’.

आता मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारते. डावी बाजू माझी, उजवी मुलांची. आणि उजवी बाजू आधी भरते : मुलं मोजतील, जोड्या लावतील, एकमेकांना विचारतील, पाटीवर लिहून दाखवतील. उजवीकडे काही सुचत नसेल, तर तो पाठ अजून ठरलेलाच नाही असं समजते आणि पुन्हा पुस्तक उघडते. टाचण अर्ध्या पानाचं असलं तरी चालतं, फक्त ही बाजू रिकामी नको.

एवढं करायला वेळ कुठून आणायचा?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यात तयारीचे तासही मोजलेले आहेत. म्हणजे तयारी हे कामच आहे, ती घरी रात्री जागून करायची वेठ नव्हे. माहिती भरणं, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी यांत हा वेळ खाल्ला जातो हे मीही रोज बघते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं खोलीतच बसून उद्याची उजवी बाजू लिहायची, ही सवय मी सोडलेली नाही. आज कोण कुठे अडलं ते तेव्हा ताजं असतं. घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं.

वार्षिक, घटक, दैनिक असं तीन पातळ्यांवर नियोजन सांगतात. सुरुवात कुठून करू?

दिनदर्शिकेपासून. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. रोज गणिताची एक तासिका धरली तर कागदावर २०० तासिका दिसतात. चाचण्या, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, मोहिमा वजा करून मी १६० च धरते आणि तेवढ्यातच घटक बसवते. २०० धरून आखलेलं नियोजन दिवाळीनंतर कोलमडतं.

आपल्या जिल्ह्याचं वर्षही स्वतःच्या चालीने चालतं. आषाढीच्या आधी पालख्यांच्या वाटेवरच्या गावांत शाळेकडे कुणाचं लक्ष नसतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की शहरातल्या मुलांच्या डोक्यात नंदीध्वज, पाळणे आणि शोभेचं दारूकाम याशिवाय काही नसतं. त्या आठवड्यात मी नवीन अवघड घटक काढत नाही. त्याऐवजी यात्रेतली खरेदी, पैशांची मोड, नंदीध्वजाच्या मिरवणुकीवर पाच वाक्यं असं घेते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि शाळा सकाळची होते. तेव्हा गणित आणि वाचन पहिल्या दोन तासिकांत उरकावं, पत्रे तापल्यावर चित्रकला आणि गोष्टी.

घटक नियोजनात मी एकच पाहते : या घटकाच्या शेवटी मुलाला काय करता यायला हवं, आणि ते येण्यासाठी आधी काय येत असायला हवं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या इयत्तेत सापडतं.

अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ती विधानं, टाचणात उतरवून काढतो, पण पाठात त्याचा उपयोग होत नाही. असं का?

कारण निष्पत्ती पूर्ण घटकाची असते, कधी पूर्ण वर्षाची. ती एका तासिकेत मावत नाही. तिचा उद्यापुरता तुकडा तोडावा लागतो. ‘परिसरातील पाण्याचे स्रोत सांगतो’ ही निष्पत्ती असेल, तर उद्याचा तुकडा असा : ‘आपल्या घरातलं पाणी कुठून येतं याचा मार्ग चित्राने दाखवतो.’ ‘समजतो’, ‘जाणतो’ ही क्रियापदं मी टाळते. मुलाला समजलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्याने काढलेलं चित्र दिसतं.

एखादा पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा आखता ते सांगाल का?

दुसरीच्या दोन अंकी संख्या घेऊ. या घटकात मराठी माध्यमाची मुलं अडखळतात आणि कारण आपल्या भाषेत आहे.

‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं : ७२. या चुकीला आळशीपणा म्हणू नका, त्याने कानाने ऐकलेलं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. पूर्व भागातल्या माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं बरीच. त्यांच्या घरी २७ म्हणजे ‘इरवै एडु’, आधी वीस, मग सात. कन्नडमध्येही ‘इप्पत्तेळु’, तोच क्रम. म्हणजे घरातला शब्द अंकांच्या क्रमाने चालतो आणि शाळेतला उलटा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. माझं मत असं की ‘वीस सात’ हा पूल म्हणून वापरावा. बाजारात भाजीवाली सत्तावीसच म्हणणार, तेव्हा मुलाला तोही शब्द यायलाच हवा, पण पुलावरून चालत आलं तर पडत नाही.

आता पाठ. उजवी बाजू आधी :

दोघादोघांच्या जोडीला २७ काड्या. मी जुन्या खराट्याच्या काड्या बोटभर तोडून ठेवते, फुकट मिळतात. जोडी मोजते. बरेच जण मध्येच चुकतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यांना चुकू द्यायचं, कारण त्या वैतागातूनच पुढची गरज निर्माण होते. मग मी विचारते, ‘पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू नये म्हणून काय करता येईल?’ कुणीतरी जुड्या बांधायचं सुचवतंच. गावातली मुलं कडब्याच्या पेंढ्या पाहून वाढलेली असतात, आणि पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आई हजाराच्या हिशेबाने विड्या वळते. जुडी बांधून मोजणं त्यांना शिकवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

दहाची एक जुडी, रबर लावून. दोन जुड्या, सात सुट्या. मुलं हे मोठ्याने म्हणतात : ‘दोन जुड्या सात सुट्या, वीस सात, सत्तावीस.’ तेलुगू-कन्नड घरातली मुलं आपापला शब्दही म्हणतात. त्यानंतर वहीत चित्र : दोन उभ्या रेघा, सात ठिपके. अंक अजूनही आलेले नाहीत. दशक-एककाची घरं सगळ्यात शेवटी, आणि त्यात २ आणि ७.

शेवटची पाच मिनिटं पाटीवर. मी फक्त ‘पस्तीस’ म्हणते आणि मुलं लिहून पाटी वर करतात. मग ‘त्रेपन्न’. ही जोडी मुद्दाम निवडलेली आहे : ३५ मध्ये पाचाचा आणि ५३ मध्ये तीनाचा आवाज आधी येतो, त्यामुळे ज्याचा क्रम अजून पक्का नाही त्याची पाटी लगेच सांगते. तशी किती मुलं आहेत ते मोजून ठेवते. चार असतील तर उद्या त्या चौघांसोबत पुन्हा काड्या, बाकीचे पुढे. बारा असतील तर उद्याचा पाठ बदलतो.

‘एकोणतीस’ या पाठात घेत नाही. तो ऐकून मुलं ३९ लिहितात, कारण त्यांना ‘तीस’ ऐकू येतं. त्याला वेगळा दिवस : तीन जुड्या घ्यायच्या आणि एक काडी काढून घ्यायची. एक जुडी सुटते, हातात दोन जुड्या आणि नऊ सुट्या उरतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे एकदा काडी काढून कळलं की एकोणनव्वदपर्यंत अडत नाही. नव्याण्णव मात्र त्या माळेत बसत नाही, ते आधीच सांगून ठेवा. मुलं ‘एकोणशंभर’ म्हणतात, आणि त्यांचं तर्कशास्त्र बरोबर असतं.

माझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत आणि मला फक्त मराठी येतं. नियोजनात काय बदल करू?

सोलापुरात हा प्रश्न अपवादाचा नाही, शहरातल्या कितीतरी वर्गांत हेच चित्र आहे. शक्य असेल तिथवर अध्यापन मातृभाषेत व्हावं असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटलं आहे. मराठी माध्यमाच्या वर्गात ते पूर्ण जमणार नाही, पण मुलाची भाषा दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवायला लावू नये, एवढं आपल्या हातात आहे.

नवीन पाठाआधी मी पाच मिनिटं त्यांना त्यांच्या भाषेत बोलू देते. विहिरीच्या गोष्टीआधी प्रश्न होता, ‘घरी पाण्याला काय म्हणतात?’ फळ्यावर चार शब्द आले : पाणी, पानी, नीरु, नीळ्ळु. एका मुलीने लगेच ओळखलं की मराठी कवितेतला ‘नीर’ आणि घरातला ‘नीरु’ एकच. त्या दिवशी तिची पाठ ताठ झाली होती. तेव्हापासून भिंतीवर चार रकान्यांचा तक्ता आहे, आणि तो मुलंच भरतात.

दोन व्यवहारी गोष्टी. जोडी लावताना पक्कं मराठी येणारं मूल आणि नव्याने शिकणारं मूल शेजारी बसवा, पण ते नवं मूल सतत ऐकणाराच राहणार नाही असं काम द्या. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे वाक्यं, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय जुळणार नाहीत. दुसरं, लिंगाच्या चुका बोलताना तोडू नका. तेलुगूत आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना तो-ती असा भेद नसतो. ‘तो खुर्ची’ म्हणणाऱ्या मुलाला मध्येच अडवलं की पुढचं वाक्य येतच नाही. मी फक्त उत्तरात बरोबर रूप वापरते : ‘हो, ती खुर्ची तुटली आहे.’ महिन्याभरात कान घडतो.

आणि दोन-चार शब्द तुम्हीही शिका. ‘ये’ला तेलुगूत ‘रा’, कन्नडमध्ये ‘बा’. पहिलीतलं मूल पहिल्या आठवड्यात एवढ्यावरही खुलतं.

दोन इयत्ता एकाच खोलीत आहेत. दोन-दोन टाचणं काढू का?

नाही, दमून जाल. ६० पर्यंत पट असला की दोनच शिक्षक, म्हणजे जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांत बहुवर्ग अध्यापन कायमचं. अक्कलकोटला असताना मी तिसरी-चौथीसाठी एकच विषय शोधायचे आणि कामाची पातळी बदलायचे. मापनाचं उदाहरण घ्या. नळाला काही दिवसांआड पाणी येणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. घागर, कळशी, बादली, बॅरल त्यांच्या हातातली भांडी आहेत. सुरुवातीची दहा मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र : कोणत्या भांड्यात किती लिटर मावतं याचा अंदाज. मग तिसरीची मुलं लिटरचं माप घेऊन भांडी भरून पाहतात. त्या वेळात चौथीला मी शिकवते : चार माणसांच्या घराला पाच दिवसांचं पाणी साठवायचं तर किती कळश्या? पंधरा मिनिटांनी अदलाबदल. चौथी आपापली गणितं सोडवते आणि मी तिसरीच्या मापांवर बोलते.

यात अवघड जागा एकच, स्वयंअध्ययनाचं काम. ‘पाठ वाचत बसा’ हे काम नव्हे. मुलाला बाईंना न विचारता सुरू करता यावं आणि संपलं हे त्याचं त्याला कळावं, असं काम लागतं. डाव्या-उजव्या रेघेची सवय मला इथेच लागली, कारण एका इयत्तेची डावी बाजू पंधरा मिनिटं अक्षरशः रिकामी असायची.

चौथीत आहेत आणि वाचता येत नाही. पाठ्यपुस्तक शिकवू की पाया?

दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाचं पायाभूत वाचन आणि गणन पक्कं व्हावं असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. म्हणजे हा प्रश्न एका शाळेचा नाही. चौथीत न वाचणारं मूल दिसलं तर त्याच्याकडे ‘मागच्या बाईंनी काय केलं’ या नजरेने बघू नका.

रोज ४५ मिनिटं मी इयत्ता विसरते. अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे असे चार गट, मग कुणी दुसरीतलं असो की चौथीतलं. अक्षरगटाजवळ मी स्वतः बसते. गोष्ट वाचणाऱ्यांना पुस्तकं आणि वाचून झाल्यावर सांगायला एक श्रोता. दर पंधरा दिवसांनी गट बदलतात. गटांना हुशार-ढ अशी नावं कधीही पडू देऊ नका. आमच्याकडे ज्वारी, तूर, करडई आणि भुईमूग आहेत.

उरलेल्या वेळात त्याच मुलाला चौथीचा परिसर अभ्यास ऐकून, बोलून, चित्र काढून शिकू द्या. वाचता येत नाही म्हणून विचार करता येत नाही असं नसतं.

प्रश्न विचारतो, पण तीच दोन-तीन मुलं हात वर करतात.

प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबता ते मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून एकदा ऐका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गावर्गांतून हेच मोजलं, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदही धड थांबत नव्हते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. मी मनात तीन अंक मोजते. शिवाय कुणाचंही नाव प्रश्नाच्या शेवटी घेते. आधी घेतलं की बाकीची मुलं सुटका झाल्यासारखी बसतात.

परिसर अभ्यासासाठी स्थानिक उदाहरणं हवीत, पण सहलीला पैसे नाहीत.

सहल लागतेच असं नाही. धरणाचा पाठ असेल तर भीमेवरचं उजनी आपल्याच जिल्ह्यात आहे. धरणात साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण तिसरीच्या मुलाला टीएमसी सांगून काय होणार? त्याला उजनी ते घरचा नळ असा मार्ग काढू द्या. पक्ष्यांसाठी नान्नजचं माळढोक अभयारण्य. इतिहासात स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. हुतात्मा चौकातून मुलं रोज जातात, पण चार पुतळे कुणाचे हे बहुतेकांना सांगता येत नाही. ‘उद्या घरच्या मोठ्यांना विचारून एक नाव आणा’ एवढ्या गृहपाठावर दुसऱ्या दिवशीची अर्धी तासिका उभी राहते.

माझा सर्वांत आवडता धडा मात्र चादरीचा. घरातली जुनी चादर आणायची आणि बघायचं : उभे धागे, आडवे धागे, नक्षी कुठे परत येते, काठ किती बोटांचा. भूमिती, कला, कापूस ते कापड, बाबांचं काम, सगळं त्या एका चादरीत.

क्यूआर कोड, व्हिडिओ, स्मार्ट टीव्ही यांचं काय?

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. अभिमान वाटावा असंच ते काम आहे. नियोजन करताना मी एवढंच ठरवते की व्हिडिओ संपल्यावर मुलं काय करतील. तीन मिनिटांचा व्हिडिओ, मध्ये एकदा थांबवून ‘पुढे काय होईल?’, आणि नंतर पाटी. वीज गेली तर काय, हेही समासात लिहिलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तयार टाचणं मिळतात. वापरली तर बिघडलं कुठे?

डावी बाजू घ्या. उजवी कुणीही तयार देऊ शकत नाही, कारण त्या माणसाने तुमची मुलं पाहिलेली नाहीत.

ऊसतोडीमुळे मुलं मध्येच येतात आणि मध्येच जातात. त्यांच्यासाठी नियोजन कसं करायचं?

गाळप सुरू झालं की बाहेरून आलेल्या टोळ्यांबरोबर मुलं येतात, आणि आपल्याही काही गावांतली बाहेर जातात. अशा वर्गात लांबलचक, एकमेकांवर अवलंबून असलेले घटक टिकत नाहीत. मी चार-पाच दिवसांत पूर्ण होतील असे तुकडे करते. नव्या मुलाला आल्या दिवशी चाचणी नाही, आधी गोष्ट आणि शेजारी. जाणाऱ्या मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी पुढच्या शिक्षकासाठी चार ओळी लिहून देते : कुठपर्यंत वाचतो, वजाबाकीत कुठे अडतो, काय आवडतं. एकदा असंच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलीच्या वहीत मला कुण्या गुरुजींच्या ओळी सापडल्या होत्या. आमचे पंधरा दिवस वाचले.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी कधी करायच्या? सत्राच्या शेवटी गठ्ठा साचतो.

रोज पाच मुलं. हजेरीच्या क्रमाने, एकेक ओळ, पाटी पाहून झाल्या झाल्या. तीस मुलांचा वर्ग सहा दिवसांत फिरतो.

सगळं नीट आखलं आणि तरी पाठ फसला. मग?

माझा फसलेला एक पाठ सांगते. बाष्पीभवन शिकवायचं होतं, म्हणून ओलं फडकं दोरीवर टाकलं. तासिका संपेपर्यंत ते वाळेल आणि मी विचारेन, ‘पाणी कुठे गेलं?’ असं टाचणात व्यवस्थित लिहिलेलं. महिना जुलैचा, आभाळ भरलेलं. फडकं होतं तसंच ओलं. मी घाईघाईने पुस्तकातली व्याख्या सांगायला लागले, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, पावसात सूत पण वाळत नाही. बाबांच्या डाईंगमध्ये काम थांबतंय.’

व्याख्या तिथेच सोडली. का वाळत नाही, यावर वर्ग अर्धा तास बोलला. ऊन नाही म्हणून, वारा नाही म्हणून, हवाच ओली आहे म्हणून. शेवटचं उत्तर माझ्या टाचणात नव्हतंच. त्या दिवशी समासात लिहिलं : हा पाठ दोनदा घ्यावा. तेव्हापासून एकदा जुलैत घेते, एकदा एप्रिलमध्ये, त्याच दोरीवर, तेवढंच फडकं भिजवून. मुलं दोन्ही वेळा किती मिनिटं लागली ते लिहितात. एप्रिलमध्ये माझी हजेरी घेऊन होईपर्यंत ते वाळलेलं असतं.